लेआच्या चौथ्या मुलाचं नाव

आम्ही महिला मंडळाच्या बायका. सकाळचं उरकून बसला असाल तर बरंच. नसाल तर हातातलं काम करता करता ऐका, आम्हीही रेडिओ तसाच ऐकतो.

गेल्या महिन्यात शुक्रवारच्या प्रार्थनासभेत आमच्या एका बहिणीने साक्ष दिली. मुलीला परदेशात नर्सची नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला. आम्ही मोठ्याने आमेन म्हटलं. आणि परतताना रस्ताभर काय बोललो? स्लॅबला कर्ज किती काढलं असेल, मुलगी तिकडेच राहिली तर हिच्याकडे कोण बघणार. घरी येऊन वर पाहिलं तर तेच आपले पत्रे. त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. चुगली केली हे कळत होतंच. पण तिच्याखाली आणखी एक होतं, ते बोलायची लाज वाटते: आम्हीही उपास धरले, आमच्याही मुली शिकल्या, मग देवाला आमचं घर दिसत नाही का?

म्हणून पुढच्या शुक्रवारी आम्ही उत्पत्तीचे 29 आणि 30 हे अध्याय काढले. लेआ आणि राहेल, सख्ख्या बहिणी आणि सवती. याकोबाने राहेलसाठी सात वर्षं चाकरी केली आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर लेआ! याकोब कसा फसला यावर आम्ही पुष्कळ उपदेश ऐकलेत. त्या सकाळी लेआचं तोंड कसं झालं असेल, हे मात्र कुणा पाळकसाहेबांनी सांगितल्याचं आठवत नाही.

रऊबेन झाला तेव्हा ती म्हणते, आता तरी नवरा माझ्यावर प्रीती करील. शिमोनाच्या वेळी, मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. लेवीच्या वेळी, आता तरी नवरा मला धरून राहील. चौथ्याच्या वेळी नवऱ्याचं नावच नाही. यहूदा, म्हणजे परमेश्वराची स्तुती. घर तेच, नवरा तोच, बहीणही समोरच. आणि ती नावडती आहे हे देवाने पाहिलं ते पहिल्या मुलाच्याही आधी, तिने काही कमावण्याआधी. आपण कृपा कृपा म्हणतो ती हीच. प्रभू येशू जन्मला तो याच यहूदाच्या वंशात.

पण पुढचा अध्याय वाचा. लेआ पुन्हा बहिणीशी चढाओढ करते. आणि रूप असलेली, नवऱ्याची लाडकी राहेल? ती मुलांवरून लेआचा हेवा करते.

मग आम्ही तिघीजणी त्या बहिणीकडे गेलो. काय बोललो होतो ते सांगितलं. ती रागावली, गप्प बसली. मग म्हणाली, "स्लॅबखाली मी एकटीच जेवते. तुमच्या पत्र्याखाली रात्री हसण्याचा आवाज येतो, तेव्हा मी खिडकी लावून घेते."

आमचा हेवा गेला, असं नाही म्हणणार. परवा तिच्या दारात नवीन फ्रिज उतरला, तेव्हा पोटात कालवलंच. या शुक्रवारी सभा तिच्याच घरी आहे. भाकरी आम्ही करून नेणार आहोत, आणि जेवायला थांबणार आहोत.