काकूंची कोरांटी

पाऊस सुरू झालाय, म्हणजे फांद्या लावायचे दिवस आले. आज मी कोरांटीबद्दल बोलणार आहे. तीच, पिवळ्या फुलांची, गावाकडे कुंपणाला असते ती. कुणी तिला काटेकोरांटी म्हणतं, औषधवाले वज्रदंती म्हणतात.

आधी एक कबुली देते. तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाने चाळीमागच्या भिंतीलगत गुलाब लावले. कल्पना माझी होती. फुलं विकू, चार पैसे येतील, असं वाटलं. वीस रोपं, ८० रुपयांना एक, म्हणजे गटाचे १६०० रुपये गेले. आपल्या दिव्यातलं पाणी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आलं की आधी पिंप, मग हंडे, झाडाची पाळी शेवटी. आमची चाळ खाडीकडच्या भरावावर. खणलं की विटांचे तुकडे लागतात आणि मातीही खारट. मी बोअरचं पाणी घालत राहिले आणि पानांच्या कडा जळत गेल्या. गुलाबाला खारं सोसत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मे संपेपर्यंत वीसच्या वीस वाळले.

बैठकीत एक काकू म्हणाल्या, "बाय, तू शिकलेली म्हणून आम्ही गप्प बसलो. धुणीभांडी करून साठवलेले पैसे होते गं." मला मान वर करता आली नाही. निम्मे पैसे मी हप्त्याने भरले, बाकीचे गटाने सोडून दिले. पण दोघी जणी गट सोडून गेल्या, त्या आजवर परत आलेल्या नाहीत.

त्याच काकू गणपतीहून परतताना सावंतवाडी-दिवा गाडीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कोरांटीच्या फांद्या घेऊन आल्या. "ही लाव. हिला पाणी नाय लागत तेवढं." मी काही बोलले नाही. लावल्या.

आता कशा लावायच्या ते सांगते. फार कोवळी नको, फार जून नको, अशी वीतभर फांदी घ्या. खालची पानं काढा आणि निदान दोन पेरं मातीत जातील अशी रोवा. दुधाच्या पिशवीला खाली चार भोकं पाडली तरी चालते. माती साधीच, पण निम्मी रेती किंवा विटांचा चुरा घाला. पहिले तीन आठवडे सावलीत ठेवा. नवी पानं फुटली तरी लगेच ओढून बघू नका, मुळं धरायला वेळ लागतो. आमच्या चौदापैकी नऊ जगल्या.

एकदा रुजली की हिला ऊन हवं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं. तांदूळ धुतलेलं चालतं, साबणाचं नको. ती मरते ती साचलेल्या पाण्याने. म्हणून कुंडीखाली ताटली ठेवू नका. शिवाय त्यात डासही होतात.

फुलं पाऊस ओसरल्यावर सुरू होतात आणि थंडीभर येतात. बहर संपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटा, फूटभरच ठेवा. माझा हात पहिल्यांदा धजावला नव्हता. काकूंनीच कात्री घेतली. न छाटलेलं झाड नुसतं उंच, काटक्या-काटक्यांचं होतं आणि फुलं शेंड्यालाच येतात.

काटे मात्र विसरू नका. पानाच्या बगलेत ते तीन-चार एकत्र असतात, सुईसारखे. शेळी तोंड लावत नाही हे खरं, पण पोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावू नका. छाटलेल्या फांद्या कागदात गुंडाळून टाका, कचरा उचलणाऱ्या ताईच्या हाताला लागतात.

बी हवं असेल तर बोंडं तपकिरी होताच तोडा. सुकं बोंड भिजलं की टचकन फुटतं आणि बी लांब उडतं. पोरं वाटीत पाणी घेऊन हाच खेळ करत बसतात. इतकं चिवट झाड, की ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला लोक हिला तण म्हणून उपटतात. इथे ती आपल्या मातीतलीच आहे. पण येऊरच्या रानातून उपटून आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. कुणाच्या कुंपणाची फांदी मागा, कुणी नाही म्हणत नाही.

दात दुखला की हिचं पान चावतात. मीही चावलंय. पण हिरडी सुजली, पू झाला तर डॉक्टरकडेच जा.

गेल्या मार्गशीर्षात फुलांचे भाव चढले होते. आम्ही उन्हं चढायच्या आत कोरांटी तोडली, काकूंनी केळीच्या सोपटात वेण्या गुंफल्या. चार गुरुवारचे मिळून ३४० रुपये झाले. गुलाबाचे पैसे काही त्यातून निघाले नाहीत. पण वहीत जमेच्या बाजूला आकडा लिहिताना काकू शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नीट लिही."

या शनिवारी गटाच्या बैठकीत फांद्या वाटणार आहोत. येताना दुधाची रिकामी पिशवी आणा, धुतलेली. गट सोडून गेलेल्या दोघी ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी मी दोन फांद्या वेगळ्या ठेवल्या आहेत.