जुनी लाइन, नवी वाट

(मंडळाच्या गणेशोत्सवात जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात लागलो आणि रूळ, खडी, मोऱ्या यांतच वीस वर्षे गेली. त्यामुळे बोलणार आहे तेही रुळांबद्दलच. पण गाडी बंद झालेल्या रुळांबद्दल.

आपल्यातील कित्येक ज्येष्ठांनी ‘छोटी लाइन’वर नोकरी केली आहे. १९०५ च्या सुमारास जबलपूरपर्यंत पोचलेली ही अडीच फुटी नॅरोगेज शंभराहून अधिक वर्षे चालली. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी २०१५ साली थांबली आणि आता थेट गोंदियापर्यंत ब्रॉडगेज आहे. ती हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण मोठ्या गाडीला सौम्य वळण लागते. म्हणून गेजबदलात पुष्कळ ठिकाणी नवा मार्ग जुना सोडून जातो आणि जुना भराव बाजूला पडून राहतो. त्याचे पुढे काय होते? घाणेरी माजते, मुरूम खणून नेला जातो, मोरीचे दगड नाहीसे होतात.

परदेशात अशा मार्गांवर चालण्याच्या आणि सायकलच्या वाटा झाल्या आहेत. त्यांना ‘ग्रीनवे’ म्हणतात. मी तिथे गेलेलो नाही. वाचून आणि नकाशे पाहून जे समजले ते सांगतो.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाचा ग्रामीण जिल्हा आहे. पाऊस फार, जमीन हलकी, पोटासाठी बाहेर जाणारे लोक पुष्कळ. वेस्टपोर्टपासून अचिलपर्यंत १८९५ च्या सुमारास रेल्वे झाली. अचिलची मुले याच गाडीने निघून पुढे बोटीने स्कॉटलंडला बटाटे काढायच्या मजुरीला जात. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे झोपण्याच्या जागेला आग लागून त्यांतली दहा मुले गेली. त्यांचे मृतदेह याच मार्गाने गावी आले आणि त्या महिन्याच्या अखेरीस लाइन कायमची बंद झाली. रूळ उखडले गेले, जमीन बहुतांशी लगतच्या शेतकऱ्यांकडे गेली.

सत्तरेक वर्षांनी त्याच भरावावर वाट झाली. न्यूपोर्ट ते मलरॅनी हा १८ किलोमीटरचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि पूर्ण ४२ किलोमीटर २०११ मध्ये खुले झाले. न्यूपोर्टच्या सात कमानींच्या रेल्वेपुलावरून आता माणसे चालतात.

इंजिनिअर म्हणून मला यात नवल वाटत नाही. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून रेल्वेचा मार्ग डोंगरातही सौम्य असतो. जिथे गाडी चढते तिथे आजोबाही चढतात आणि शाळकरी मूलही सायकल मारते. कटिंग, भराव, मोऱ्या, पूल ही महागडी कामे आधीच झालेली असतात. खडी काढायची, पाण्याचा निचरा मोकळा करायचा, बारीक चुरी दाबून बसवायची, पुलाला कठडा लावायचा. एवढे आमचा कोणताही गँगमन करू शकेल.

नवल आहे ते जमिनीचे. ती खाजगी होती, तरी मेयो कौन्सिलने विकत घेतली नाही, सक्तीही केली नाही. घरोघर जाऊन फक्त जाण्यायेण्याची परवानगी मागितली. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. कुंपण आणि गुरांसाठी फाटके कौन्सिलने करून दिली. ‘माझ्या शेतात कोणी पडला तर मी भरपाई द्यायची का?’ ही त्याची रास्त भीती होती. ती जबाबदारीही कौन्सिलने पत्करली. वाट झाल्यावर गावांत सायकली भाड्याने मिळू लागल्या. एका टोकाला नेऊन सोडणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. खानावळींना गिऱ्हाईक आले. ज्या मार्गाने मुले मजुरीला गेली, त्याच मार्गाने पाहुणे गावात येऊ लागले.

आता उलट उदाहरण. त्याच देशात केरी जिल्ह्यात १९६० साली बंद झालेल्या लाइनवर अशीच वाट आखली गेली. तिथे जमीन सक्तीने संपादन करायचे ठरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि काम कित्येक वर्षे रखडले. लाइन तशीच जुनी, भराव तसाच. फरक पडला तो माणसांच्या संमतीचा.

आपल्याकडे परिस्थिती थोडी निराळी आहे. इथे जुन्या लाइनची जमीन मुख्यतः रेल्वेचीच आहे, म्हणजे पहिली परवानगी रेल्वेची हवी. परस्पर कोणी काही करू नये. चालू रुळालगत तर मुळीच नको. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. पण एखादा तीन-चार किलोमीटरचा तुकडा, चालू लाइनपासून दूर, शाळेला किंवा बाजाराच्या गावाला जोडणारा, असा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावासह मांडता येईल. लगतच्या शेतकऱ्याची बैलगाडी कुठून ओलांडणार, हे आधी त्यालाच विचारावे लागेल. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर गवत कोण कापणार, मोरी कोण उपसणार, हे उद्घाटनाच्या आधी कागदावर यावे लागेल. देखभाल नसलेला मार्ग दोन पावसाळ्यांत पुन्हा रान होतो, हे मी नोकरीत पाहिले आहे.

म्हणून एक विनंती करतो. ज्यांनी छोटी लाइन चालवली, त्यांना प्रत्येक मोरी, प्रत्येक विहीर, जुन्या स्टेशनची जागा ठाऊक आहे. ही माहिती नकाशावर उतरवून ठेवू या. दसऱ्यानंतर एका रविवारी मी कोरा नकाशा घेऊन मंडळाच्या कार्यालयात बसेन. आपण यावे, शक्यतो नातवंडांना घेऊन यावे.

 गणपती बाप्पा मोरया!