कॅम्पर व्हॅनमधील बॅटरी मीटरचा जमाखर्च

कॅम्पर व्हॅनमधला बॅटरी मीटर चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा दोष बहुधा बॅटरीत नसून वायरिंगमध्ये असतो. मीटर प्रवाह मोजतो तो एकाच जागी, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाजवळच्या शंटवर. शंट म्हणजे अगदी अल्प, पण नेमका ठाऊक असलेला रोध. 500 अँपिअरच्या शंटमधून पूर्ण प्रवाह गेला तरी त्याच्या दोन टोकांत फरक पडतो अवघ्या 50 मिलिव्होल्टचा. त्यावरून मीटर किती अँपिअर आले, किती गेले याची नोंद ठेवतो.

जो प्रवाह शंटमधून जात नाही, तो हिशेबातच येत नाही. फ्रिजची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या टोकावर कसलेली असेल, तर फ्रिज रात्रभर चालतो आणि मीटर शून्याजवळ बसून राहतो. सकाळी टक्केवारी शंभर, व्होल्टेज मात्र उतरलेलं. सोलर कंट्रोलरची निगेटिव्ह वायर अशीच परस्पर बॅटरीला गेली, की उलटा प्रकार होतो: खर्च मोजला जातो, भरणा नाही, आणि भरलेली बॅटरी कागदोपत्री दिवाळखोर ठरते. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरून फक्त शंटकडे जाणारी जाड केबल निघावी. बॅटऱ्या समांतर असतील तर त्यांना जोडणारी केबल हाच अपवाद. बॉडी अर्थसुद्धा शंटच्या पलीकडच्या बाजूलाच हवा. चार्जिंग चालू असताना आकडा उणे दिसला, तर शंटची दोन टोकं अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी.

सगळं बंद करूनही दीड अँपिअर जात असतील, तर पहिला संशय इन्व्हर्टरवर घ्यावा. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी नुसता चालू राहण्यासाठी तो वीज खातो. दीड अँपिअरने दहा तासांत 15 अँपिअर-तास जातात. इन्व्हर्टर बंद करूनही आकडा हलला नाही, तर एकेक फ्यूज काढून पाहावा.

भर दुपारी सोलरचे वॅट घसरले की पॅनेलला दोष दिला जातो. पुष्कळदा बॅटरी भरलेली असते आणि कंट्रोलरने प्रवाह स्वतःच आवरता घेतलेला असतो. एखादा मोठा लोड चालू केल्यावर वॅट वाढले, तर पॅनेल ठीक आहे.

व्होल्टेजवरून अंदाज बांधताना बॅटरीचा प्रकार पाहावा लागतो. लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावल्यावर भरलेली असेल तर 12.7 व्होल्ट दाखवते, निम्मी असेल तर 12.2 च्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मात्र मधल्या मोठ्या पल्ल्यात 13.2 च्या आसपासच रेंगाळते. तिथे व्होल्टवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

पडताळणीसाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. आधी तो शून्यावर आणावा आणि जबड्यात एकच वायर घ्यावी.

इन्व्हर्टरवर 1000 वॅटचा लोड असताना 12 व्होल्टच्या बाजूला 90 अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. त्या वेळी बॅटरीच्या टोकांवर 12.8 आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर 11.8 व्होल्ट मिळाले, तर मधल्या एका व्होल्टमागे सुमारे 90 वॅटची उष्णता केबलमध्ये किंवा सांध्यात मुरते आहे. लोड चालू ठेवून मल्टिमीटरची टोकं प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावत गेलं, की फरक कुठे पडतो ते दिसतं: कधी सैल थिंबल, कधी करपलेला फ्यूज होल्डर.