इंग्रजी कोणाच्या मालकीचं?



ठाण्याच्या वर्तकनगरात माझं घर आहे. इथल्याच परिसरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आणि पुढे तिच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. २०२२ साली निवृत्त झाले. माझ्या वर्गात मुलं यायची ती समतानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर, म्हाडाच्या चाळवजा इमारती, अशा ठिकाणांहून. कोणाचे वडील कारखान्यात, कोणाचे रिक्षावर, कोणाची आई चार घरची पोळीभाजी करणारी. या मुलांना इंग्रजी शिकवताना मी काय चुकले आणि काय शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे. सुरुवात चुकीपासूनच करते.

नोकरीला लागून माझी तीन-चार वर्षं झाली असतील. एका गोष्टीवर मी प्रश्न दिला होता, ‘या माणसाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ बहुतेक मुलांनी गाईडमधलं उत्तर उतरवलं. एका मुलाने मात्र स्वतःच्या मनाने दीड पान लिहिलं. काळांची गल्लत, स्पेलिंगची दैना, पण विचार त्याचा स्वतःचा होता. मी काय केलं? लाल शाईने एकूण एक चूक अधोरेखित केली. सतरा भरल्या. दहापैकी तीन गुण दिले. वर समासात लिहिलं, ‘नीट पाठ करून लिही.’ मुलगा गुणी होता, त्याने माझं ऐकलं. पुढच्या परीक्षेपासून तोही गाईड उतरवायला लागला आणि चांगल्या गुणांनी पास झाला.

बऱ्याच वर्षांनी वर्तकनगर नाक्यावर तो भेटला. वाकून नमस्कार केला. चौकशी केली तेव्हा हसत हसत म्हणाला, ‘‘मॅडम, मुलाखती पुष्कळ दिल्या. पण गाईडमधलं काहीच विचारलं नाही हो कोणी.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

आपल्याकडे इंग्रजीची भीती ही शब्दांची भीती नसते, हसं होण्याची भीती असते. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. चार वर्षं आधी सुरुवात झाली, मुलांना शब्द जास्त येऊ लागले, पण अकरावीच्या वर्गात ‘स्वतःबद्दल चार वाक्यं सांगा’ म्हटलं की पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. एखादं पोर उभं राहायचं, ‘माय नेम इज’ म्हणायचं आणि पुढच्या वाक्याला अडखळलं की मागच्या बाकावरून खसखस. मग ते पोर वर्षभर तोंड उघडायचं नाही.

ही भीती माझ्या मदतीला आलेल्या एका अनपेक्षित पाहुण्याने थोडी कमी केली. तो पाहुणा म्हणजे अमेरिकन साहित्य.

तुम्ही म्हणाल, वर्तकनगरच्या मुलांचा आणि अमेरिकेच्या साहित्याचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, ती साहेबासारखीच बोलली पाहिजे, असं आमच्या पिढीच्या मनावर बिंबलं होतं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवत आम्ही वाढलो. पण अमेरिकन लेखकांची चरित्रं वाचायला लागले आणि एक गोष्ट लक्षात आली. यातले किती तरी जण शाळेत फारसे गेलेलेच नाहीत! वॉल्ट व्हिटमनने अकराव्या वर्षी शाळा सोडली आणि तो छापखान्यात लागला. मार्क ट्वेनही लहानपणीच वडील वारल्यावर छापखान्यात उमेदवारी करू लागला. आणि फ्रेडरिक डग्लस तर गुलाम म्हणून जन्मला. मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली, ती मालकाने बंद पाडली. मग या मुलाने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतलं. पुढे तो पळून स्वतंत्र झाला आणि १८४५ साली त्याने स्वतःची जी कहाणी लिहिली, ती आज जगभर वाचली जाते.

पाव देऊन अक्षरं घेतल्याचा हा प्रसंग मी वर्गात सांगितला की एरवी डुलक्या घेणारी मुलंही मान वर करायची. भाषा ही वारशाने मिळते तशी कष्टाने मिळवताही येते, हे त्यांना मी वेगळं सांगावं लागायचं नाही.

आणि हा संबंध आपल्याला नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्या पुस्तकाला त्यांनी इंग्रजीतही प्रस्तावना जोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं. गुलामीत जन्मलेल्या त्या अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट मराठी घराघरांत पोचली. म्हणजे अमेरिकेकडे आपण पाहत आलो ते केवळ डॉलरसाठी नव्हे.

आता वर्गातलं सांगते. २०२० साली बारावीचं नवं युवकभारतीचं पुस्तक आलं. त्यात ओ. हेन्रीची ‘द कॉप अँड द अँथम’ ही गोष्ट होती, व्हिटमनची ‘साँग ऑफ द ओपन रोड’ होती. गोष्टीतला सोपी नावाचा बेघर माणूस थंडीचे तीन महिने तुरुंगात काढता यावेत म्हणून पोलिसांनी आपल्याला पकडावं यासाठी धडपडतो. दुकानाची काच फोडतो, दुसऱ्याची छत्री उचलतो, काही केल्या त्याला कोणी पकडत नाही. शेवटी चर्चमधलं संगीत ऐकून तो सुधारायचं ठरवतो, आणि नेमका तेव्हाच पकडला जातो. लिहिणारा ओ. हेन्री स्वतः तीन वर्षं तुरुंगात राहून आलेला. ही गोष्ट १९०६ च्या ज्या संग्रहात आहे, त्याचं नाव ‘द फोर मिलियन’. न्यूयॉर्कमध्ये दखल घ्यावी अशी माणसं फक्त चारशेच, असं उच्चभ्रू मंडळी म्हणत. त्यावर ओ. हेन्रीचं उत्तर होतं, चारशे नव्हे, चाळीस लाख!

ते वर्ष करोनाचं. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. कित्येक घरांत एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. तासाला मुलं यायची अर्धी. म्हणून मी एक केलं. गोष्टीचा एकेक परिच्छेद मी मोठ्याने वाचून त्याचा आवाज मुलांना पाठवायचा, आणि रात्री फोन घरी आला की मुलांनी तोच परिच्छेद वाचून मला परत पाठवायचा. आणि काय आश्चर्य! वर्गात दोन वर्षं ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता, त्या मुली धडाधड वाचून पाठवू लागल्या. चुकलं की पुसून पुन्हा. मागे शिटीचा, भांड्यांचा, धाकट्या भावाच्या रडण्याचा आवाज, पण वाचन चालू. हसायला कोणी नव्हतं ना! तीस वर्षं जी गोष्ट मला कळली नव्हती, ती त्या फोनने शिकवली. आधी ऐकणं, मग एकट्याने बोलणं, मग चारचौघांत बोलणं. लिहिणं सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलट करतो.

मग मी मुलांना सांगितलं, सोपीला ठाण्यात आणा. एका मुलाने त्याला कोपरीच्या पुलाखाली झोपवलं. एका मुलीने चर्चच्या जागी वर्तकनगरच्या साईबाबा मंदिरातली गुरुवारची आरती घातली. पोलिसाला सोपी म्हणतो, ‘‘साहेब, माझंच काम आहे हे, बसवा की गाडीत!’’ आधी हे सगळं मराठीत. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीतच, म्हणून आपली मुलं ते गाळतात किंवा नको तिथे घालतात. आपल्याकडे खुर्चीसुद्धा ‘ती’ असते, म्हणून इंग्रजीतही ते तिला बाई करून टाकतात. या चुका ढपणाच्या नव्हेत, मराठी पक्की असल्याच्या खुणा आहेत, असं एकदा सांगितलं की मुलांचा चेहरा खुलतो. ‘इंग्रजीत एका अक्षराचे दोन उच्चार का?’ म्हणून कोणी कुरकुरलं की मी म्हणते, चहा आणि चमचा म्हणून पाहा. दोन्ही ‘च’ सारखे आहेत का?

लहान वाक्यांसाठी हेमिंग्वेसारखा गुरू नाही. त्याच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केला. आधी त्यातलं पान मराठीत वाचायचं, मग मूळ इंग्रजी. चेंदणी कोळीवाड्यातला एक विद्यार्थी होता. गळाला मोठा मासा लागला की दोर किती सोडायचा आणि कधी ताणायचा, हे त्याने फळ्यापाशी येऊन आम्हाला समजावलं. त्या तासाला शिक्षक तो होता, मी विद्यार्थिनी.

बारावीच्या त्याच पुस्तकात दिलीप चित्र्यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता होती. लोकलने रात्री उशिरा घरी परतणारे वडील. ती वाचून झाल्यावर एका मुलीने मला निरोप पाठवला, ‘‘मॅडम, ही कविता इंग्रजीत आहे असं वाटलंच नाही.’’ तिचे वडील रोज ठाण्याहून शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने परतायचे. मराठी कवीने इंग्रजीत लिहिलेली कविता व्हिटमनच्या शेजारी छापलेली पाहून तिला जे कळलं, ते मी व्याख्यान देऊन सांगू शकले नसते.

काही पालक विचारतात, मग शुद्धलेखन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. पण शुद्ध म्हणजे काय, याचाही इतिहास आहे. नोआ वेब्स्टरने १८२८ साली अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश काढला आणि कितीतरी शब्दांचं स्पेलिंग सुटसुटीत केलं. आमची भाषा आमच्या तोंडची असेल, हा त्यामागचा आग्रह. जवळपास त्याच सुमारास, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण. नियम माणसांनीच केले आहेत, म्हणून ते शिकता येतात. फक्त एका वेळी सतरा नव्हे.

शेवटी आपल्या शेजारच्याच गावातल्या एका मुलीची आठवण करून देते. आनंदीबाई जोशी. जन्म कल्याणचा, १८६५ सालचा. त्यांचं इंग्रजी पक्कं कशाने झालं? गोपाळरावांनी शिकवलं हे खरंच. पण न्यूजर्सीतल्या मिसेस कार्पेंटर या अनोळखी बाईंशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला, त्याचा वाटा फार मोठा आहे. समोर खरंखुरं माणूस होतं आणि त्याला सांगण्यासारखं मनात काहीतरी होतं. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूरला त्यांनी भर सभेत इंग्रजीत भाषण केलं आणि आपण का जात आहोत ते सांगितलं. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. १८८६ साली फिलाडेल्फियाहून त्या डॉक्टर झाल्या. वर्षभरातच गेल्या, ही हळहळ आहेच. पण इंग्रजी शिकवणारी बाई म्हणून मला त्यांची पत्रं फार मोठी वाटतात.

आता दर रविवारी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या कार्यालयात काही मुलांना बसवते. फी नाही, गाईड नाही. दर आठवड्याला प्रत्येकाने एका खऱ्या माणसाला इंग्रजीत पत्र लिहायचं. नाक्यावर भेटलेल्या त्या माझ्या विद्यार्थ्याने आपली मुलगी पाठवली आहे. आठवीत आहे. पहिलं पत्र तिने वडिलांनाच लिहिलं, ‘तुम्ही माझ्याशी इंग्रजीत का बोलत नाही?’ अशा अर्थाचं. चुका बऱ्याच होत्या. मी पेन्सिल घेतली, तीन दाखवल्या आणि खाली लिहिलं, ‘उत्तर आलं की मलाही वाचायला दे.’

पालकहो, तुमचं मूल इंग्रजीत एखादं वाक्य बोललं तर आधी ते पुरतं ऐका. दुरुस्ती उद्या केली तरी चालेल. घरात इंग्रजी येत नसेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. ऐकणारं माणूस पुरतं.

आणि हो, त्या मुलीला उत्तर आलं. दोनच ओळींचं आहे. वडिलांनी लिहिलंय, इंग्रजीत. त्यातल्या चुका मी मोजल्या नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)