औंढ्याचं देऊळ : खाली दगड, वर चुना

आजचा भाग औंढा नागनाथचा, आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या.

औंढ्याला जाऊन आलेला माणूस घरी काय सांगतो? रांग किती होती, आणि गाभाऱ्यात कसं वाकून, बसत-बसत उतरावं लागलं. इथलं लिंग जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या अरुंद, खाली जागा जेमतेम. हे सगळं खरंच. पण देवळाला बाहेरून नीट एक फेरी मारलेली माणसं मला फार कमी भेटलीत. म्हणून आज आपण आत जायचंच नाही.

थोडं लांब उभं राहा आणि वर बघा. एका देवळात दोन देवळं दिसतील. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवांच्या काळातला. आपण ज्याला हेमाडपंती म्हणतो तो. भिंत सपाट नाही, कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ ऊन-सावली वेगळीच पडते. जोत्याच्या पट्टीवर सैनिक आहेत, त्यात घोडेस्वारही. त्याच्या वर देव, दशावतार, नटराज. आणि एका कोपऱ्यात रुसलेली पार्वती, शंकर तिची समजूत काढतोय. मला सगळ्यात आवडतं ते हेच शिल्प. मोठमोठे देव असताना कारागिराला घरातलं भांडण कोरावंसं वाटलं, बघा!

त्याच्या वर नजर नेली की दगड संपतो आणि पांढरा चुना सुरू होतो. हे शिखर नंतरचं. मूळचा वरचा भाग पडला, मग हे बांधलं गेलं. अहिल्याबाई होळकरांनी बांधलं असं इथं सांगतात. बांधणाऱ्यांनी जुन्या दगडाची नक्कल केली नाही. जोड सरळ दिसतो. काहींना ते विजोड वाटतं. मला प्रामाणिक वाटतं.

आता मागच्या बाजूला या. नंदी इथं आहे, दारासमोर नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर बेल विकणाऱ्या एका आजींना विचारलं, "मावशी, नंदी कुठाय?"

"मागं हाय. देऊळच फिरलं ना, बाबा."

कीर्तनाला अडवून मागं पाठवलेल्या नामदेवांकडं देवळानंच तोंड फिरवलं, ती ही गोष्ट. नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं. विसोबा खेचर त्यांना भेटले तेही इथंच, औंढ्यात, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय उचलून जिथं देव नाही तिथं ठेव, म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर नामदेवांना गुरू सापडला, आणि ते वाक्य ज्या देवळात घडलं असं सांगतात तिथं आपण घड्याळ बघत रांगेत उभे असतो.

श्रावणी सोमवार टाळा. साध्या दिवशी, सकाळी लवकर जा. बेल घ्या, दर्शन घ्या, आणि एसटीची वेळ विचारायच्या आधी पोरांना घेऊन ती रुसलेली पार्वती शोधा. कुठल्या कोपऱ्यात आहे ते मी मुद्दाम सांगत नाही.