ठाण्याच्या तुरुंगातील राघोजी भांगरे

मुलुंड मागे पडले की पुढचे स्थानक ठाणे. घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून हजारो माणसे नित्य ठाण्यास जातात-येतात. परंतु तेथील मध्यवर्ती कारागृह म्हणजे एके काळचा किल्ला होय, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली याच किल्ल्यातून निसटला, ही हकीकत इतिहासप्रेमी घरांतून आवडीने सांगितली जाते. मात्र याच भिंतींच्या आत २ मे १८४८ रोजी ज्याला फाशी देण्यात आले, त्या राघोजी भांगरे याचे नाव तितक्या सहजपणे कोणाच्या ओठी येत नाही.

राघोजी हा महादेव कोळी जमातीचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात देवगाव हे त्याचे गाव. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या छायेतील हा मुलूख. मराठी राज्यात या डोंगरांतील किल्ल्यांची राखण आणि घाटवाटांवरील पहारा हे कोळी नाईकांचे काम असे आणि त्याबद्दल त्यांना वेतन व मानपान मिळे. १८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या सरकारने किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, तटबंद्या पाडल्या, आणि पिढ्यान्पिढ्या पहारा करणारे हात एकाएकी रिकामे झाले. १८३० च्या सुमारास या कोळ्यांनी जे बंड केले, त्याच्या पुढाऱ्यांत राघोजीचा बाप रामजी भांगरे हा होता. सरकारने ते बंड मोडले. परंतु ज्या कारणांनी ते झाले होते, ती कारणे जागच्या जागीच राहिली.

किंबहुना त्यांत एका नव्या कारणाची भर पडली. शेतसारा रोख रकमेत आणि नेमल्या मुदतीत भरावयाचा. पाऊस लांबो की पीक बुडो, मुदत काही टळावयाची नाही. डोंगरातील शेतकऱ्यापाशी रोकड कोठून असणार? तो सावकाराच्या दारी जाई आणि वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवी. पूर्वी सावकाराला गावात राहून, गावाची भीड धरून वसुली करावी लागे. आता त्याच्या पाठीशी दिवाणी अदालत उभी राहिली. अदालत कागद पाही. त्या कागदामागे मूळ मुद्दल किती आणि व्याजावर व्याज किती, हे पाहण्याचे तिला प्रयोजन नव्हते. हुकूमनामा निघाला की गुरे, भांडी आणि अखेर जमीन जप्त होई.

१८४० नंतरच्या वर्षांत राघोजी व त्याचा भाऊ बापू यांनी उठाव केला, तो या सरकाराविरुद्ध आणि त्याच्या छत्राखाली वावरणाऱ्या सावकारीविरुद्ध. त्यांच्या टोळ्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, नगर व पुणे जिल्ह्यांत तसेच ठाण्याच्या बाजूस फिरत. सावकारांची घरे लुटली गेली, काहींची नाकेही कापली गेली. पोलिसांशी झुंजी झाल्या आणि माणसे मारली गेली. हे क्रौर्य झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु डोंगरांतील गावांनी या माणसांना वर्षानुवर्षे आसरा दिला, हेही तितकेच खरे. गावाची साथ असल्यावाचून केवळ दरोडेखोर इतका काळ टिकाव धरू शकत नाही.

१८४५ साली बापू पकडला गेला. राघोजी आणखी दोन वर्षांहून अधिक काळ सरकारच्या हाती लागला नाही. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरास लेफ्टनंट गेल या अधिकाऱ्याने त्याला पकडले, आणि चार महिन्यांनी ठाण्यास त्याच्या आयुष्याचा शेवट झाला. पुढे पाचच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून पहिली आगगाडी याच ठाण्यास आली. तो दिवस शाळकरी मुलालाही पाठ असतो. आधीचा दिवस विस्मृतीत गेला.

सरकारी दप्तरात राघोजीची नोंद दरोडेखोर म्हणून झाली. असाच शिक्का पूर्व आफ्रिकेतही बसला. नांदी लोकांचा पुढारी कोइतालेल अरप सामोई याने इंग्रजांच्या अमलाला आणि आपल्या मुलखाजवळून नेलेल्या आगगाडीला सुमारे दहा वर्षे विरोध केला. रेल्वेचे सामान व तारा पळविणारे लुटारू, अशी त्याच्या लोकांची संभावना झाली. १९ ऑक्टोबर १९०५ रोजी तहाच्या बोलण्यासाठी म्हणून भेट ठरली आणि त्या भेटीतच त्याला गोळी घालण्यात आली. ज्याची तक्रार ऐकावयाची नाही, त्याला आधी लुटारू ठरवावे, म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही.

राघोजीच्या तक्रारीला मात्र उत्तर द्यावेच लागले. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून दंग्यांना आरंभ झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. नुसत्या कागदावर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, असे त्या कायद्याने न्यायालयांना सांगितले. डोंगरातील कोळ्यांचे गाऱ्हाणे याहून वेगळे नव्हते. राघोजीला फाशी दिल्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती.

त्याने योजलेले उपाय कोणी निर्दोष म्हणणार नाही. पण त्याचे गाऱ्हाणे खरे होते, अशी कबुली खुद्द त्या राज्यकर्त्यांच्याच कायद्यात आहे. दप्तराने दिलेल्या नावाखाली माणसाला कायमचे गाडून टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे काय होते, एवढे तरी विचारणे हे इतिहास वाचणाऱ्याचे कर्तव्य होय.