इंदापूरचे कागद आणि जपानी नजर

(बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारत आणि जपान यांच्या नात्याचा विषय निघाला की नेताजी सुभाषचंद्र बोस, रासबिहारी बोस आणि न्यायमूर्ती राधाविनोद पाल ही तीन नावे हटकून घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. टोकियोच्या युद्धगुन्हेगारी खटल्यात सर्व आरोपी निर्दोष आहेत असे भिन्न मतपत्र न्या. पाल यांनी 1948 मध्ये दिले. 2007 च्या ऑगस्टमध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे कोलकात्याला जाऊन त्यांच्या चिरंजीवांना आवर्जून भेटले. परंतु बारामती-इंदापूरच्या मातीचाही जपानशी एक संबंध आहे, आणि त्याची वार्ता या दोन तालुक्यांतच सर्वांत कमी आहे.

त्यातील एक धागा युद्धाचाच आहे. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी ऊस पिकवला, साखर कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसवले. त्याच वालचंदांनी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना काढला. 1941 च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि वर्षही पुरे होण्याआधी, 6 एप्रिल 1942 रोजी, त्या बंदरावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. ‘जलउषा’ हे तेथील पहिले जहाज पाण्यात उतरण्यास 1948 चा मार्च उजाडावा लागला. आशिया आशियाई जनतेसाठी, अशी घोषणा करणाऱ्या राष्ट्राचे बॉम्ब इंग्रजी मक्तेदारीशी झुंजणाऱ्या एका स्वदेशी उद्योजकाच्या कारखान्यावर यावेत, हा इतिहासाचा उपहासच म्हटला पाहिजे.

अंदमानची हकिगत याहून दारुण आहे. जपानने ती बेटे 1942 च्या मार्चमध्ये घेतली. 1943 च्या डिसेंबरात नेताजींनी तेथे तिरंगा फडकवला. आणि त्यानंतर जेमतेम महिन्याने, 30 जानेवारी 1944 रोजी, होम्फ्रेगंज येथे जपानी सैन्याने हेरगिरीच्या संशयावरून 44 भारतीयांना गोळ्या घातल्या. मणिपुरातील सांगशाक येथे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जपानी फौजेशी भिडलेल्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. जपानविषयी कृतज्ञता बाळगणाऱ्याने हे पानही उलटून पाहावे. मैत्री डोळस असली तरच टिकते.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा धागा. युद्धकाळात उत्तर चीनमधील खेड्यांची पाहणी जपानच्या दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीच्या संशोधकांनी केली. जमीन कोणाची, पाणी कोण वाटतो, तंटा कोण तोडतो, असे शेकडो प्रश्न त्यांनी शेतकऱ्यांना विचारले. प्रदेश जपानी लष्कराच्या ताब्यातला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उत्तरांमागची भीतीही दिसते. त्या माहितीवरून दोन पंडितांत वाद पेटला. चिनी खेडे हा एकजीव समुदाय आहे, तोच आशियाच्या ऐक्याचा पाया होय, असे हिरानो योशितारो म्हणत. तसा समुदाय तेथे मुळी दिसतच नाही, असे काइनो मिचिताका यांचे उत्तर होते. पराभवानंतर या वादाचा खरा अर्थ उघडा पडला. राज्यकर्त्यांना हवे ते खेड्यात पाहण्याचा मोह विद्वानालाही होतो, आणि मग त्याची विद्या फौजेच्या मागून चालू लागते.

या धड्यानंतरच्या पिढीतील हितोत्सुबाशी विद्यापीठाचे हिरोशी फुकाझावा यांनी गाव नावाची वस्तू शोधण्यासाठी मराठी कागदांकडे वळावे, ही घटना म्हणूनच लक्षणीय आहे. बलुतेदार नेमका कोणाचा चाकर, यजमान कुटुंबाचा की साऱ्या गावाचा, हा प्रश्न त्यांनी अठराव्या शतकातील अस्सल पत्रांना विचारला. उत्तर आले: गावाचा. सुतार, लोहार, कुंभार यांचा हक्क गावच्या पिकावर होता आणि त्यांचे वतन गावाने मानलेले होते. उत्तर भारतातील यजमानी पद्धतीचा साचा महाराष्ट्रावर बसवू पाहणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना हे उत्तर सहज डावलता येण्याजोगे नाही. फुकाझावांचे निबंध ‘द मेडिव्हल डेक्कन’ या ग्रंथात 1991 मध्ये एकत्र आले. पुढे हिरोयुकी कोतानी यांनी वतनसंस्थेचा आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या स्थितीचा मागोवा घेतला.

आणि मग आले थेट इंदापूर. मिचिहिरो ओगावा यांनी पुणे विद्यापीठात पीएच.डी.साठी निवडलेला विषय होता इंदापूर परगणा, काळ 1761 ते 1828. पानिपतच्या वर्षापासून पेशवाई बुडून दहा वर्षे होईपर्यंतचा हा पट आहे. कमाविसदार वसुली कशी करी, कसब्याच्या पेठेत कोणते व्यापारी होते, 1802 ची होळकरांची लूट आणि पाठोपाठचा दुष्काळ यांतून परगणा कसा गेला, हे सारे मोडी कागदांत आहे. इंदापूर निवडण्यात औचित्यही मोठे. प्रिंगलची अवाजवी साराबंदी कोसळल्यावर गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश यांनी 1835-36 साली जी नवी जमीनमोजणी हाती घेतली, तिचा आरंभ याच तालुक्यात झाला आणि तीच पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारीचा नमुना ठरली. ओगावा यांचा ‘साम्राज्यानंतरचा भारत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा जपानी ग्रंथ 2019 मध्ये निघाला. इंग्रजांनी ओसाड जागेवर इमारत बांधली नाही; बाजार, हिशेब, कारभार यांची चालती घडी येथे होती आणि तिच्यावरच त्यांचे राज्य बसले, असा त्याचा रोख आहे. हे कोणी पुण्यातील अभिमानी गृहस्थाने म्हटले असते तर कदाचित हसण्यावारी नेले गेले असते!

जपानी माणसाला मराठी गाव परके वाटत नसावे, त्याला कारणही आहे. तिकडच्या जुन्या खेड्यात गावाविरुद्ध वागणाऱ्याशी व्यवहाराचे आठ हिस्से तोडत, फक्त आग लागली किंवा मृत्यू झाला तरच धावून जात. ‘मुरा हाचिबु’ हे त्याचे नाव. इकडच्या वाळीत टाकण्याशी त्याचे नाते लगेच ओळखू येते. मात्र इकडे पुष्कळदा मृत्यूलाही सूट नसे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हे गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

परंतु साम्याहून फरक अधिक बोचरा आहे. पराभवानंतर जपानात जमीनसुधारणा झाली, जुनी मुखिया घराणी खालावली आणि त्यांच्या वाड्यांतील हिशेबवह्या रद्दीच्या भावाने जाऊ लागल्या. देश उपाशी होता, शहरे बेचिराख होती. तरीही 1948 पासून सामान्य जनतेच्या या जुन्या कागदांची देशभर पाहणी सुरू झाली आणि 1951 मध्ये ते सांभाळण्यासाठी सरकारी संग्रहालय निघाले. सम्राटाच्या नव्हे, गावच्या मुखियाच्या वह्यांसाठी!

इंदापूर-बारामतीच्या वाड्यांतील रुमालांचे काय झाले? पाटील, कुलकर्णी, देशपांडे यांची वतने कायद्याने गेली, ते योग्यच झाले. पण वतनाबरोबर कागदही निरुपयोगी ठरले. मोडी लेखन सरकारदरबारातून आणि शाळेतून गेले आणि नातवाला आजोबांचे अक्षर लागेनासे झाले. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले, भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते आणि छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी लोटते. त्या परगण्यात कोण राहत होते, सारा किती देत होते, तंटे कशावरून करीत होते, हे मात्र त्या देवळाच्या दगडांवरून कळणार नाही. ते पुण्याच्या पेशवे दफ्तरात, कापडात बांधलेल्या रुमालांमध्ये आहे. ते दफ्तर संशोधकांना खुले आहे. मोडी शिकण्यास काही महिने पुरतात. तोक्योहून आलेले विद्यार्थी आधी मराठी शिकतात, मग मोडी, आणि त्यानंतर रुमाल सोडतात. इंदापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला यांतील पहिली पायरी चढण्याची गरज नाही.